धार आडवी कापताना

कोलाडला कुंडलिका नदीत सकाळचं पाणी सुटलं की राफ्ट एकामागोमाग निघतात. त्यांच्यामधून अधूनमधून एखादी अडीच मीटरभर लांबीची प्लास्टिकची कयाक दिसते. बघणाऱ्याला वाटतं, खरं कसब लाटांवरून उड्या घेत खाली जाण्यात आहे. पण खाली तर नदी ओंडक्यालाही नेते. या काठच्या दगडाआडून निघायचं, भर धार आडवी कापायची आणि समोरच्या काठाला आधी हेरून ठेवलेल्या दगडाआड नेमकं जाऊन थांबायचं, ही कयाकची पहिली विद्या. ती अंगात आली की रॅपिडमधली, म्हणजे खडकांतून उसळणाऱ्या पाण्यातली, वाट तुम्ही निवडता. ती येत नसेल, तर वाट नदी निवडते.

पोहता येतं, तलावात कयाक सरळ चालवता येते आणि आता वाहत्या पाण्यात उतरायचं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. जाणता शिक्षक सोबत हवाच. हा लेख वाचून कुणीही एकट्याने नदीत उतरू नये. आणि एक आग्रहाचं सांगणं: सुरुवातीच्या दिवसांत किती किलोमीटर नदी केली, किती रॅपिड मारले याचा हिशेब ठेवू नका. एकच चांगली जागा धरा आणि तिथेच सकाळभर या काठावरून त्या काठावर करत राहा. आपल्याकडे शिकणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी पूर्ण टप्पा करायची घाई असते, आणि ती पुरवणारेही भेटतात. त्या घाईत हात घट्ट होतात, नजर कयाकच्या टोकावर खिळते, आणि ही सवय पुढे सुटता सुटत नाही.

जागा कशी निवडायची? काठावर उभं राहून आधी पाणी वाचा. पाण्यातून वर आलेल्या मोठ्या दगडाच्या मागे, किंवा काठ जिथे आत वळतो तिथे, पाणी संथ असतं आणि नीट पाहिलं तर चक्क उलट, वरच्या दिशेला सरकत असतं. मुख्य धार दगडाला वळसा घालून पुढे जाते आणि मागे पडलेली पोकळी भरायला खालचं पाणी वर येतं. याला नदीवरची माणसं एडी म्हणतात. एडी आणि धार जिथे एकमेकांना घासून जातात, तिथे बारीक भोवऱ्यांची, बुडबुड्यांची एक रेघ दिसते. ती एडी लाइन. एक वाळकी काटकी धारेत टाका, दुसरी दगडामागे टाका. पहिली झपाट्याने खाली जाईल, दुसरी दगडाकडे परत येईल. शिकण्यासाठी दोन्ही काठांना समोरासमोर एकेक मोठी एडी असावी, मधली धार पंधरा-वीस मीटरांची असावी, आणि खाली शंभरेक मीटर तरी मोकळं पाणी असावं. उलटलात तर त्या मोकळ्या पाण्यात सावरायला वेळ मिळतो. खाली लगेच दुसरा रॅपिड, पाण्यात झुकलेल्या उंबर-करंजाच्या फांद्या किंवा मासेमारीची जाळी असेल, तर ती जागा कितीही देखणी असली तरी सोडून द्या. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

कुंडलिकेची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. तिचं सकाळचं पाणी पावसाचं नसतं. मुळशीच्या धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरतं आणि तिथून नदीत येतं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट ज्यात उतरले, त्याच धरणाचं हे पाणी. मुळा नदीतून भीमेकडे, पूर्वेला जायचं ते इथे कोकणात उतरून पश्चिमेला समुद्राला मिळतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की पाणी कधी आणि किती सुटेल हे विजेच्या गरजेवर ठरतं. कोरड्या पात्रात दगडावर बसून डबा खाताना पाणी चढू शकतं. सुटण्याची वेळ स्थानिकांकडून कळल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नका. एरवी ही नदी शिकायला फार चांगली. पाणी बर्फाचं नाही, आणि रॅपिड आंतरराष्ट्रीय प्रतवारीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीतले.

आता कयाकमध्ये बसा. पाय टेकवायची जागा अशी जुळवा की तळवे टेकलेले, गुडघे बाहेरच्या बाजूला मांडीच्या आधारांखाली घट्ट बसलेले आणि कमरेला दोन्ही बाजूंनी आधार आहे. सैल बसलात तर कयाक एकीकडे जाईल आणि तुम्ही दुसरीकडे. काठाजवळच्या संथ पाण्यात उजवा गुडघा वर उचला आणि डाव्या कुल्ल्यावर भार द्या. कयाक डावीकडे कलंडेल, पण तुमचं डोकं आणि छाती सरळच राहिली पाहिजे, नाक कयाकच्या मध्यरेषेवर. वाकायचं कमरेत. तशीच कललेली कयाक धरून दहा वल्ही मारा, मग बाजू बदला. हे कंटाळवाणं वाटेल, तरी पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

कारण वाहत्या पाण्यात नवखे उलटतात ते लाटेने नव्हे. ते उलटतात एडी लाइनवर, आणि बहुतेक वेळा वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिथून येतं त्या बाजूला. कसं ते जवळून पाहा. तुम्ही एडीत आहात, तोंड प्रवाहाच्या वर. कयाकचं टोक एडी लाइन ओलांडून धारेत शिरतं. मागचा भाग अजून संथ पाण्यात आहे. धार त्या टोकाला बाजूने ढकलते, आणि वरच्या बाजूची कड जराही खाली असेल तर पाणी तिच्यावर चढतं. कयाकच्या पाठीवर पाण्याचा हात पडला की ती कड खाली दाबली जाते आणि क्षणात तुम्ही पाण्याखाली. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. धार दुप्पट वेगाची झाली की दाब चौपट. काल चालून गेलेली चूक आज चालत नाही ती यामुळे.

म्हणून नियम असा: येणाऱ्या पाण्याला कयाकचं पोट दाखवा. ज्या बाजूने पाणी आदळणार, त्या बाजूचा गुडघा वर, भार पलीकडच्या कुल्ल्यावर. सायकल वळणावर आतल्या बाजूला झुकते, तसंच हे झुकणं. भीती वाटली की शरीर बरोबर उलटं करतं. पाण्यापासून दूर व्हायला म्हणून माणूस काठाकडे, वरच्या अंगाला वाकतो आणि तिथेच पडतो. ही भीती समजावून जात नाही. त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा गेल्यावरच मांडीला भरवसा येतो.

धार आडवी कापण्याच्या मुख्य चालीला फेरी म्हणतात. उजव्या काठच्या एडीतून डाव्या काठाला जायचं आहे असं धरू. नदीचे काठ नेहमी खाली तोंड करून मोजतात, पण तुमचं तोंड आता वर आहे, म्हणजे धार तुमच्या उजव्या हाताला. एडीच्या वरच्या भागात, दगडाच्या जवळ जा. तिथे एडी लाइन अरुंद आणि स्पष्ट असते. खाली ती पसरट, भोवऱ्यांनी भरलेली होते. कयाक जवळजवळ सरळ वर, धारेला समांतर करा. दोन-तीन दमदार वल्ही मारून वेग घ्या. रेषा गाठता गाठता टोक जरासंच उजवीकडे कलू द्या, डावा गुडघा उचला, आणि न थबकता आत शिरा. नवखा माणूस नेमका इथे वल्हं थांबवतो आणि काय होतंय ते बघतो. तेवढ्यात टोक खाली वळतं आणि फेरी संपते. रेषा ओलांडताना वल्हं पाण्यातच असलं पाहिजे.

कयाक पूर्ण धारेत आली की प्रश्न उरतो कोनाचा, आणि इथे थोडं गणित कामाला येतं. समजा स्थिर पाण्यात तुमची कयाक सेकंदाला १.५ मीटर जाते आणि धार सेकंदाला १.२ मीटरची आहे. टोक प्रवाहाच्या उलट दिशेपासून साधारण ३७ अंश वळवलंत, तर तुमच्या वेगातला १.२ मीटरचा हिस्सा धारेशी बरोबरी करण्यात जातो आणि ०.९ मीटरचा हिस्सा तुम्हाला आडवं नेतो. १५ मीटरची धार १७ सेकंदांत पार, आणि खाली सरकणं शून्य. धार १.४ मीटरची झाली की कोन २१ अंशांवर आणावा लागतो, आडवा वेग जेमतेम अर्धा मीटर उरतो आणि त्याच १५ मीटरला २८ सेकंद लागतात. धार १.५ च्या पुढे गेली की काही झालं तरी थोडं खाली जाणारच. मग तेवढं अंतर आधीच धरून वरून निघायचं. नदीत कोणी कोनमापक घेऊन बसत नाही, पण या आकड्यांतून एक गोष्ट पक्की करून घ्या: पाणी जोरात, तर टोक जास्त वर; पाणी संथ, तर टोक जास्त मोकळं. धार सगळीकडे सारखी नसते. काठाजवळ कमी, मधोमध जास्त. त्यामुळे एकाच फेरीत कोन दोनदा तरी बदलावा लागतो.

कोन राखायचा कसा? पाणी टोकाला सतत खाली, म्हणजे आपल्या उदाहरणात उजवीकडे, ढकलत असतं. म्हणून जोराची वल्ही उजव्या, खालच्या बाजूने मारायची. तिकडून मारलेलं वल्हं टोकाला परत वर आणतं आणि पुढेही नेतं. वल्ह्याच्या शेवटी पातं मागच्या टोकाकडे किंचित ओढून घेतलं की कोन आणखी सावरतो. डाव्या बाजूला उलटं वल्हं मारूनही टोक वर येतं, पण वेग मरतो. वेग गेला की कोन राखण्याला अर्थ उरत नाही. कोन फारच मोकळा झाला आणि टोक खाली वळायला लागलं, तर त्याच्याशी झुंजत धारेच्या मध्यात अडकू नका. वळू द्या, खाली जा, पुढच्या एडीत शिरा, काठाने कयाक उचलून परत या.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो नजरेने. टोकाकडे पाहिलंत तर प्रत्येक लाट धक्का वाटते. समोरच्या काठावरचं एक झाड किंवा दगड धरा आणि डोळे तिथेच ठेवा. डोकं वळलं की खांदे वळतात, खांद्यांमागून कयाक. शिकवताना मी वल्ह्याच्या चुका नंतर सांगतो. आधी विचारतो, बघत कुठे होतात?

पलीकडची एडी लाइन आली की अजून एक काम राहतं, आणि अनेकजण पोचल्याच्या आनंदात तेच विसरतात. एडीतलं पाणी वर जात असतं. म्हणजे आतापर्यंत डावीकडून येणारा धक्का आता उजवीकडून येणार. रेषेवर कड बदला: डावा गुडघा खाली, उजवा वर. आणि तोपर्यंत वल्हं चालू ठेवा, मागचं टोक एडीत येईपर्यंत. अर्धी कयाक रेषेवर ठेवून विसावलात तर धार मागून ओढून नेते.

फेरी दोन्ही बाजूंनी जमायला लागली की वळणं घ्या. एडीतून निघून खाली तोंड करायचं असेल तर तीच सुरुवात, पण कोन मोठा, ४५ अंशांच्या आसपास, आणि कललेली कड पूर्ण वळण होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. धार टोक फिरवते, तुम्ही फक्त खालच्या बाजूला वल्ह्याचा हलका आधार ठेवता. उलट, खाली येताना एडीत शिरायचं असेल तर निशाणा दगडाच्या शक्य तितका जवळ, एडीच्या वरच्या टोकावर धरा. पाणी तुम्हाला थोडं खाली नेणारच आहे. वेगाने रेषा तोडा, वळणाच्या आतल्या बाजूला कला, आणि आतल्या बाजूचं पातं एडीच्या पाण्यात उभं रोवा. कयाक त्या पात्याभोवती फिरून वर तोंड करते. हे उभं रोवलेलं वल्हं जगभर डफेक स्ट्रोक म्हणून ओळखलं जातं, ते चेकोस्लोव्हाकियाच्या मिलो डफेक यांच्या नावावरून. १९५३ साली इटलीतल्या मेरानो इथल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ते वापरलं. ते करताना खांदा मात्र जपा. कोपर छातीच्या पुढे आणि खांद्याखाली राहिलं पाहिजे. हात मागे, उंच गेला आणि पाण्याने पातं खेचलं तर खांदा निखळतो. कयाकमधल्या दुखापतींत हीच माणसाला महिनोन् महिने घरी बसवते.

पडणार तर आहातच. तलावातच सराव करा: उलटल्यावर पुढे वाका, कमरेभोवतीच्या, कयाकमध्ये पाणी येऊ न देणाऱ्या स्प्रे स्कर्टचा पुढचा लूप पकडून ओढा, आणि पायजमा काढावा तसे पाय सोडवून बाहेर या. हे डोळे मिटून, न घाबरता करता आल्याशिवाय वाहत्या पाण्यात जाऊ नका. कयाकमध्ये राहूनच सरळ होण्याचा रोल सावकाश शिकता येईल. बाहेर पडलात तर पाठीवर, पाय खाली प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर. मग संधी दिसली की पालथे होऊन जोराने एडीकडे पोहा. गुडघाभर पाणी दिसलं तरी धारेत उभं राहायचं नाही. दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की पाणी माणसाला तिथेच दाबून धरतं. आणि कयाक आडवी होऊन दगडावर जाऊ लागली, तर दगडापासून दूर वाकू नका. दगडाकडेच झुका, त्याला मिठीच मारा. दूर वाकलात की वरची कड बुडते, पाणी आत शिरतं आणि कयाक दगडाला चिकटून बसते.

महाराष्ट्रातल्या नद्यांबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या जवळपास कयाक नेऊ नका. वरून येताना बंधारा दिसतच नाही. फक्त पाण्याची एक सरळ, गुळगुळीत आडवी रेघ दिसते. पाणी वरून वाहत असेल तर खाली एकसारखा भोवरा लोळत राहतो. तो पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतो, आणि नैसर्गिक दगडामागे सापडते तशी बाहेर पडायची फट तिथे नसते. बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतील तर दोन खांबांमधल्या गाळ्यात कयाक आडवी अडकते. चांगल्या पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. कुठल्याही नव्या टप्प्यावर जायच्या आधी गावात विचारा, खाली बंधारा आहे का आणि किती अंतरावर.

सामानात हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट यावर तडजोड नाही. खांद्याच्या पट्ट्या कुणीतरी वर ओढून बघाव्यात. जॅकेट हनुवटीला लागलं तर ते सैल आहे. पायात बंद बूट. दर दोन-तीन माणसांमागे पंधरा-वीस मीटर दोराची थ्रो बॅग, आणि काठावर ती फेकता येणारा माणूस. गळ्यात शिट्टी: तीनदा वाजली म्हणजे संकट. पाण्याच्या आवाजात बोलणं ऐकू जात नाही, म्हणून खुणा आधी ठरवा. वल्हं उभं धरलं तर या, आडवं धरलं तर थांबा.

कुंडलिकेवर हात बसला की पुढे कुठे, हा प्रश्न येतोच. मराठी माणसाला ओळखीचं महेश्वर त्यासाठी मोठं ठिकाण आहे. अहिल्याबाईंच्या घाटांपासून थोड्या अंतरावर सहस्रधारेला नर्मदा खडकांतून अनेक धारांनी फुटते, आणि मध्य प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतली स्लॅलम, म्हणजे पाण्यावर टांगलेल्या फाटकांतून जाण्याची शर्यत, २०२३ मध्ये तिथेच झाली. स्लॅलम पाहिलीत तर या लेखातलं सगळं डोळ्यांसमोर येईल. हिरवी-पांढरी फाटकं प्रवाहाबरोबर पार करायची, लाल-पांढरी प्रवाहाविरुद्ध. ती लाल फाटकं सहसा एडीतच टांगलेली असतात. फाटकाला स्पर्श झाला तर २ सेकंदांचा दंड, फाटक चुकलं तर ५० सेकंदांचा. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, मग मध्ये खंड पडून १९९२ पासून तो कायम आहे. उत्तम खेळाडूंचा नुसता वेग बघू नका. फाटकाच्या आधी दोन वल्ही त्यांचा कोन कसा तयार होतो ते बघा.

आणि मग ऋषिकेश. शिवपुरीच्या परिसरात शिकवणारे चांगले लोक आहेत. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, तिथलं राफ्टिंग बंद असतं. तिथे जाताना एवढं मनात धरून जा, की गंगेचं पाणी बर्फाचं आहे आणि कुंडलिकेच्या कितीतरी पट जास्त. तिथली एडी लाइन रेघ राहत नाही. दोन-तीन मीटरांचा उसळणारा पट्टा होतो, आणि कोलाडला एका वल्ह्यात जी ओलांडत होतात तिला तिथे चार-पाच लागतात. पहिल्या दिवशी तिथेही खाली जाऊ नका. शिक्षकाला सांगून एक मोठी एडी निवडा, थंडीसाठी वेटसूट घाला, आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून घ्या: कोन अरुंद, वेग आधी, गुडघा वर, आणि पट्टा पूर्ण संपेपर्यंत वल्हं चालू.